संत जोसफिन बखिता ह्यांचे अल्पचरित्र

ख्रिस्तसभेच्या संतमालिकेत राजे आहेत, पंडित आहेत, धर्माध्यक्ष आहेत. तशी बाजारात विकली गेलेली एक बटीकही आहे. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तिचे चरित्र आनंदनगरच्या भाविकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जोसफिन बखिता हिचा जन्म सुमारे १८६९ साली सुदानातील दारफूर प्रांतात ओल्गोसा नामक खेड्यात झाला. ती सात-आठ वर्षांची असता गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पळवून नेले. भयाने ती आपले नावही विसरली. तेव्हा त्याच निर्दय लोकांनी तिला बखिता, म्हणजे भाग्यवती, असे नाव ठेविले. एल ओबेद व खार्टुम येथे तिची वारंवार विक्री झाली. एका तुर्की सेनापतीच्या घरी तर तिच्या अंगावर वस्तऱ्याने ११४ जखमा करून त्यांत मीठ चोळण्यात आले. ते व्रण तिने मरेपर्यंत वागविले.

१८८३ साली खार्टुम येथील इटलीचे कॉन्सल कालिस्तो लेन्यानी ह्यांनी तिला विकत घेतले. त्यांच्या घरी तिच्यावर कधी चाबूक उठला नाही. पुढे महदीच्या बंडामुळे ते स्वदेशी निघाले, तेव्हा आपणासही न्यावे अशी तिने काकुळतीने विनवणी केली. १८८५ साली जिनोआ बंदरात उतरल्यावर त्यांनी आपले स्नेही आउगुस्तो मिकिएली ह्या धनिक गृहस्थाच्या पत्नीस ती देऊन टाकिली. धनी दयाळू होता. तथापि बखिता अद्याप देण्याघेण्याची वस्तूच राहिली होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मिकिएली कुटुंब व्हेनिसनजीक झियानिगो येथे राही. १८८६ साली जन्मलेल्या त्यांच्या मिमिना ह्या कन्येस बखितानेच सांभाळले व दोघींची मोठी माया जडली. घरचे कारभारी इल्युमिनातो केक्किनी ह्या भाविक गृहस्थांनी बखितास एक चांदीचा क्रूस दिला होता. पुढे मिकिएली ह्यांनी तांबड्या समुद्रावरील सुआकीन येथे घेतलेल्या हॉटेलाच्या व्यवस्थेसाठी बाईसाहेब तिकडे गेल्या, तेव्हा १८८८ साली दोघींना व्हेनिसमधील कनोसियन धर्मभगिनींच्या आश्रमात ठेविले. लहानपणी चंद्रतारे पाहून ह्या सर्वांचा धनी कोण असेल, असे कोडे तिला पडे. ते येथे उलगडले.

बाईसाहेब परतल्या व बखितास नेऊ लागल्या. खरी कसोटी हीच. एका बाजूस अन्नदात्यांचे उपकार व मिमिनाची माया. दुसऱ्या बाजूस अपुरे राहिलेले धर्मशिक्षण. आजवर धन्याचा शब्द न मोडणाऱ्या ह्या मुलीने नम्रपणे पण निश्चयाने नकार दिला. प्रकरण व्हेनिसचे कार्डिनल आगोस्तिनी व राजाचे सरकारी वकील ह्यांच्यापुढे गेले. इटलीच्या कायद्यास गुलामगिरी मान्य नव्हती. सबब बखिता स्वतंत्र आहे, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी झाला. ९ जानेवारी १८९० रोजी तिला बाप्तिस्मा मिळाला.

८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली. १९०२ साली भगिनी बखिता स्कीओ गावच्या मठात गेल्या. तेथे त्यांनी स्वयंपाक केला, भरतकाम केले, वेदीची निगा राखिली, दारावर येणाऱ्या गोरगरिबांचे स्वागत केले. कामे बहुतेक पूर्वीसारखीच होती. परंतु ती करणारे हात आता कोणी विकत घेतलेले नव्हते. सर्व भेद एवढाच, आणि तो आकाशपाताळाचा होय. आपणास पळविणाऱ्यांनाही त्यांनी क्षमा केली. अखेरच्या आजारात ग्लानीत त्यांस जुन्या साखळदंडांचा भास होई व त्या ते सैल करण्यास विनवीत. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी प्रभूने ते कायमचे तोडिले. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप योहान पौल दुसरे ह्यांनी त्यांस संतपद दिले.

आपल्या अंबरनाथ-बदलापूर भागातील कित्येक माताभगिनी पहाटे उठून परक्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करावयास जातात. त्यांनी संत बखिताकडे पाहून आपल्या कष्टांची लाज बाळगू नये. ज्यांच्या घरी अशा भगिनी राबतात त्यांनीही केवळ मायेचे दोन शब्द बोलून थांबू नये. त्यांचा योग्य मोबदला, त्यांची विश्रांती व रविवारची उपासना ह्यांचा मान राखावा. दया पुष्कळांस सुचते. न्याय थोड्यांस सुचतो. तो आपणा सर्वांस सुचो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.