ख्वाजा अहमद अब्बास : लिहायला घेतलं ते पूर्ण करणारा माणूस

पानिपत म्हटलं की आपल्याकडे सहावीतल्या पोरालासुद्धा १७६१ आठवतं. पण त्याच पानिपतात एक दुसरं घराणंही होतं, कलमवाल्यांचं. मौलाना अल्ताफ हुसैन हाली, गालिबचे शागिर्द आणि 'मुसद्दस'चे शायर, तिथलेच. १९१४ साली हाली गेले आणि त्याच साली ७ जूनला त्यांच्या पणतूचा जन्म झाला. नाव ठेवलं ख्वाजा अहमद अब्बास. 'आवारा', 'श्री ४२०', 'बॉबी' हे सिनेमे आपल्या घराघरात पाहिलेले आहेत. राज कपूर सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते सिनेमे आधी कागदावर कोणी उतरवले असं विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात. म्हणून आज अब्बास साहेबांबद्दल.

शिक्षण आधी हालींच्याच नावाच्या शाळेत, मग अलिगढला. १९३३ मध्ये बी.ए., १९३५ मध्ये वकिलीची पदवी. पण काळा कोट काही अंगावर चढला नाही. अलिगढला शिकत असतानाच त्यांनी विद्यार्थ्यांचं एक साप्ताहिक चालवलं होतं, आणि छापखान्याच्या शाईचा वास एकदा नाकात बसला की माणूस दुसरीकडे रमत नाही. पदवी घेऊन मुंबई गाठली आणि 'बॉम्बे क्रॉनिकल' या दैनिकात शिरले. संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी, स्वातंत्र्यलढ्यातलं मोठं नाव. इथे अब्बास बातम्या लिहायचे, सिनेमांची परीक्षणंही लिहायचे. १९३६ पासून मालाडच्या 'बॉम्बे टॉकीज'मध्ये प्रसिद्धीचं अर्धवेळ कामही धरलं. म्हणजे एका हाताने सिनेमावर टीका आणि दुसऱ्या हाताने सिनेमाची जाहिरात. गंमतच आहे, पण त्यामुळे स्टुडिओत काम कसं चालतं ते आतून बघायला मिळालं.

टीका करणं वेगळं आणि स्वतः पटकथा लिहून पुरी करणं वेगळं. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुलं तरी येऊन सांगतात, सर, माझ्याकडे एक जबरदस्त स्टोरी आहे. मी म्हणतो, लिहून आण. चार पानं येतात, मग काही येत नाही. सुरुवात सगळ्यांकडे असते, शेवटही डोक्यात असतो, गाडी मधेच रुतते. पटकथेत हे जास्तच होतं, कारण तिथे सुंदर वाक्यांनी वेळ मारून नेता येत नाही. कोण आत आलं, काय केलं, दिवस की रात्र, घर की रस्ता आणि त्यानंतरच्या प्रसंगाला ते का लागतं, हे सगळं पानावर ठेवावं लागतं. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट असा ठोकताळा असतो. शंभर-सव्वाशे पानं भरेपर्यंत माणसाचा जीव जातो.

इथे एक शब्द सांगतो. आपण मराठीत 'मसुदा' म्हणतो. उर्दूत तोच 'मुसव्वदा'. मूळ अरबी, आणि अर्थ 'काळा केलेला' कागद. त्यानंतर स्वच्छ करून लिहिलेली प्रत म्हणजे 'मुबय्यज़ा', पांढरी केलेली. पहिला खर्डा आधी काळा व्हायलाच हवा, हे आपल्या बुजुर्गांनी शब्दातच सांगून ठेवलंय. पण बरेच जण कागद पांढराच ठेवून चांगल्या वाक्याची वाट बघत बसतात.

अब्बास वाट बघणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पहिली पटकथा लिहिली ती आपल्याला पूर्ण माहीत असलेल्या जगाबद्दल, वर्तमानपत्राच्या कचेरीबद्दल. 'नया संसार', १९४१. एक निर्भीड पत्र, ते चालवणारा माणूस हळूहळू तडजोड करू लागतो, आणि त्याचा तरुण बातमीदार नोकरी सोडून स्वतःचा पेपर काढतो. अशोक कुमार बातमीदार झाला. नायिका होती रेणुका देवी, म्हणजे अलिगढमध्ये मुलींच्या तालीमसाठी आयुष्य घालवणाऱ्या शेख अब्दुल्लांची मुलगी खुर्शीद. त्या काळात अशा घरातल्या मुलीने पडद्यावर येणं म्हणजे किती मोठी गोष्ट असेल, विचार करा. बॉम्बे टॉकीजने पटकथा विकत घेतली आणि सिनेमा जोरात चालला. सिनेमावर टीका लिहिणारा माणूस सिनेमाचा लेखक झाला.

हे जमलं कशामुळे? माझ्या मते दर आठवड्याच्या एका पानामुळे. 'लास्ट पेज' नावाचा त्यांचा स्तंभ आधी 'क्रॉनिकल'मध्ये आणि १९४७ पासून करंजियांच्या 'ब्लिट्झ'मध्ये छापून यायचा. चाळीसहून जास्त वर्षं, अगदी मरेपर्यंत. उर्दू 'ब्लिट्झ'मध्ये तो 'आज़ाद कलम' नावाने यायचा, आणि आपल्या घरांतल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल. आठवड्याचा स्तंभ म्हणजे ताप असो, घरात मय्यत असो, ठरलेल्या दिवशी मजकूर गेलाच पाहिजे. छापखाना मूडची वाट बघत नाही. ज्याने हा नेम इतकी वर्षं पाळला त्याला पटकथेचा मधला चिखल ओलांडणं जमणारच. कथा, कादंबऱ्या, लेख धरून त्यांची सत्तरच्या वर पुस्तकं आहेत. त्यातलं सगळंच उत्तम नाही, हेही खरं सांगायला हवं. काही घाईत लिहिलेलं वाटतं, काही ठिकाणी गोष्ट थांबते आणि भाषण सुरू होतं. पण ते पूर्ण झालेलं आहे.

महाराष्ट्राशी त्यांचं नातं नुसतं मुंबईपुरतं नव्हतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही. चौघं परतले. कोटणीस जखमी सैनिकांची सेवा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. अब्बासांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याचं नावच सांगतं की एक जण परत आला नाही. मग त्याच पुस्तकावरून व्ही. पी. साठे यांच्यासोबत पटकथा तयार केली आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. पानिपतच्या मुसलमानाने सोलापूरच्या हिंदू डॉक्टरची गोष्ट लिहायची आणि कोल्हापूरच्या शांतारामांनी ती पडद्यावर आणायची, यात त्या वेळी कोणाला काही वेगळं वाटलं नव्हतं.

हे साठे पुढे अब्बासांचे जन्माचे जोडीदार झाले. 'आवारा', 'बॉबी' यांच्या श्रेयनामावलीत दोघांची नावं शेजारी आहेत. आपल्याकडे अब्बासांनाच विसरलेत, तर साठ्यांना कोण आठवणार!

१९४६ हे अब्बासांचं मोठं साल. चेतन आनंदच्या 'नीचा नगर'च्या लेखनात त्यांचा वाटा होता, आणि तो सिनेमा कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवून आला. त्याच वर्षी त्यांनी स्वतः दिग्दर्शन केलेला पहिला सिनेमा आला, 'धरती के लाल', बंगालच्या दुष्काळावरचा. बंगालचा दुष्काळ दाखवायला गर्दीत उभे राहिले आपल्या धुळ्याकडचे किसान सभेचे शेतकरी. भुकेला भाषा लागत नाही.

आता 'आवारा'. गोष्ट आठवा. जज्ज रघुनाथ मानतो की चांगल्याच्या पोटी चांगला आणि चोराच्या पोटी चोर. त्याच समजुतीपायी तो गरोदर बायकोला घराबाहेर काढतो. मुलगा राज झोपडपट्टीत वाढतो, जग्गाच्या हाताखाली चोरी शिकतो. सिनेमा सुरू होतो तो कोर्टात. पोरगा पिंजऱ्यात आहे, त्याच जज्जवर हल्ला केल्याचा आरोप आहे, आणि त्याची वकील रिटा जज्जलाच प्रश्न विचारतेय. गोष्ट तिथून मागे जाते. ही बांधणी लेखकाची. आधी आरोप, मग आयुष्य, मग निकाल. बघणारा पहिल्या मिनिटापासून मनात निकाल द्यायला लागतो आणि पुढे तोच निकाल त्याच्या अंगावर उलटतो.

पटकथा आधी मेहबूब खान यांच्याकडे गेली होती. मेहबूब म्हणजे तेव्हाचे बडे दिग्दर्शक, 'अंदाज़' नुकताच गाजलेला. गाडं अडलं ते बाप आणि मुलाच्या भूमिकांवर. अब्बासांना हवे होते पृथ्वीराज कपूर आणि राज कपूर, खऱ्या आयुष्यातले बाप-बेटे. मेहबूबांच्या मनात दुसरी नावं होती. वरवर बघितलं तर नटाचा वाद, इतकं काय ताणायचं! पण गोष्टच रक्ताची होती. जज्ज पोराकडे बघतो आणि ओळखत नाही, तेव्हा बघणाऱ्याला दोघांच्या चेहऱ्यात तेच नाक, तेच डोळे दिसायला हवेत. ते गेलं तर पटकथेचा कणाच गेला. अब्बासांनी पटकथा परत घेतली. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे मिळत असलेले पैसे आणि नाव दोन्हीवर पाणी सोडण्याची तयारी लागते. मग राज कपूरने ती घेतली आणि १९५१ च्या डिसेंबरात 'आवारा' आला. राज कपूरने त्यात गाणी घातली, तो लांबलचक स्वप्नाचा प्रसंग घातला, भव्य सेट उभे केले. कणा मात्र हलला नाही. सोव्हिएत देशात, तुर्कस्तानात, चीनमध्ये लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला.

मला वाटतं, खर्डा पूर्ण असल्यामुळेच हे भांडण शक्य झालं. नुसती कल्पना सांगितली असती तर मेहबूब खानांनी किंवा कोणीही तिला हवं तसं वळवलं असतं आणि लेखकाला कळलंही नसतं की काय गेलं. कागदावर शेवटपर्यंत लिहिलेलं असलं की कुठे वाकायचं आणि कुठे नाही ते दिसतं. गाण्यांसाठी अब्बास वाकले, बाप-बेट्यासाठी नाही. आणि विषय काय होता बघा. अमुक गल्लीतला, अमुक आडनावाचा, म्हणजे तो असाच असणार. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना हे वाक्य कोणी शिकवायला नको, नोकरीच्या मुलाखतीला आणि भाड्याने खोली शोधायला गेलं की आपोआप ऐकू येतं.

'श्री ४२०' (१९५५) मध्ये अलाहाबादहून मुंबईत आलेला तरुण, आणि शंभर रुपयांत घर देतो म्हणून गरिबांना लुटणारे शेठ. सत्तर वर्षं झाली, बिल्डर तेवढे बदलले.

राज कपूरसाठी लिहिलेलं चाललं. स्वतः बनवलेलं बहुतेक आपटलं. 'मुन्ना' (१९५४) त्यांनी एकही गाणं न घालता काढला. हिंदी सिनेमात असं करणं म्हणजे तोट्याला सलाम करून बोलावणं. 'परदेसी' (१९५७) हा रशियाबरोबर मिळून काढलेला सिनेमा अफनासी निकितिन या प्रवाशावर. हा निकितिन पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता आणि तिथून जुन्नरकडे गेला होता. कोकणातल्या वाचकांनी मुलांना हे जरूर सांगावं. 'शहर और सपना' (१९६३) मध्ये मुंबईत घर न मिळाल्याने सांडपाण्याच्या मोठ्या पाइपात संसार मांडणारं जोडपं. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गल्ला फारसा नाही. इतरांच्या सिनेमातून मिळालेला पैसा ते आपल्या सिनेमात घालत राहिले. शहाण्या व्यापाऱ्याला हे पटणार नाही, पण पुढची पटकथा लिहायला ते परत बसायचेच.

१९६९ मध्ये 'सात हिंदुस्तानी', गोव्याच्या मुक्तीवर. नटांना त्यांनी मुद्दाम त्यांच्या स्वतःच्या प्रांताची भूमिका दिली नाही. केरळचा मधू बंगाली झाला, जलाल आगा मराठी. एक लांबटंग नवखा मुलगा बिहारचा मुसलमान शायर अन्वर अली झाला. तो अमिताभ बच्चन, आणि तो त्याचा पहिला सिनेमा. करार करण्याआधी अब्बासांनी मुलाच्या वडिलांची, कवी हरिवंशराय बच्चन यांची, रजामंदी मागवली होती. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

एकदा तर ते थेट सुप्रीम कोर्टात गेले. चार शहरांवरच्या त्यांच्या माहितीपटातली मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं सेन्सॉरने कापायला सांगितली होती. १९७० मध्ये निकाल आला. सरन्यायाधीश होते नागपूरच्या वकिलीतून पुढे गेलेले मोहम्मद हिदायतुल्ला. कोर्टाने सेन्सॉरशिप कायम ठेवली. अब्बास हरले म्हणायचे, पण सेन्सॉरच्या कामाला मुदत हवी आणि त्याविरुद्ध दाद मागायला वेगळी जागा हवी, या गोष्टी त्या खटल्यामुळे पुढे आल्या. कायदा शिकणाऱ्या मुलांना हा खटला आजही वाचावा लागतो. न वापरलेली वकिलीची पदवी अशी कामी आली म्हणा!

त्याच १९७० मध्ये 'मेरा नाम जोकर' पडला, आणि तोही त्यांनीच लिहिलेला. तीन वर्षांनी 'बॉबी' आला आणि राज कपूर सावरला. लेखक तेच दोघं, अब्बास आणि साठे. साठीला टेकलेल्या माणसाने सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची गोष्ट लिहिली आणि देशभरातली पोरं रांगा लावून उभी राहिली.

पत्नी मुज्तबाई १९५८ मध्येच अल्लाहला प्यारी झाली होती. मूलबाळ नव्हतं. जुहूच्या घरात पुस्तकं, कागद आणि येणारे-जाणारे. शेवटच्या वर्षांत तब्येत साथ देईना, तरी 'एक आदमी' या सिनेमाचं काम चालूच होतं. १ जून १९८७ रोजी, त्र्याहत्तराव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी, त्यांचं मुंबईत निधन झालं. सिनेमा त्यांच्यानंतर लोकांसमोर आला.

त्यांची आणखी एक गोष्ट राज कपूरच्या हातात होती. सीमेच्या अलीकडचा एक तरुण नदीत वाहत जाऊन पलीकडे पोहोचतो, आणि तिथली एक मुलगी त्याच्यावर जीव लावते. वर्षभरात, २ जून १९८८ ला, राज कपूरही गेला. रणधीर कपूरने काम हाती घेतलं. नायिका पाकिस्तानची ज़ेबा बख्तियार, संवाद कराचीच्या हसीना मोईन यांचे. १९९१ मध्ये 'हिना' थिएटरात लागला तेव्हा कथा लिहिणाऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती.