झोपेचा पत्ता शोधणारे डॉक्टर

व्हिएन्ना, १९१७. तोंडात घास असतानाच झोपी जाणारे रुग्ण रुग्णालयात येऊ लागले. काहींचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. ग्रीक वंशाचे मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो यांनी या मेंदूज्वराला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असे नाव दिले. दगावलेल्यांचे मेंदू त्यांनी तपासले. झोपाळूंच्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात इजा होती, निद्रानाश झालेल्यांच्या पुढच्या. म्हणजे झोप नुसत्या थकव्याने येत नाही, मेंदूच ती घडवतो! मुलांचे हाल निराळेच. तापातून उठलेले गुणी मूल रात्रभर जागे, दिवसा झोपे, एकाएकी आक्रस्ताळे होई. घरच्यांना वाटे, वळण बिघडले. बिघाड होता मेंदूत. विमानोड्डाणाचे वेड असलेले इकॉनोमो १९३१ मध्ये, ५५व्या वर्षी वारले. त्या आजाराचे कारण अजूनही नक्की ठरलेले नाही.