नळदुर्गचे कर्नल मेडोज टेलर

नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल पाहावयास आमच्या जिल्ह्यातील मुले हौसेने जातात. परंतु त्याच नळदुर्गास राहून सुमारे चार वर्षे या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या एका गृहस्थांचे नाव त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. ते गृहस्थ म्हणजे कर्नल फिलिप मेडोज टेलर होत.

टेलरसाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी झाला. घरच्या व्यापारास ओहोटी लागल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षी ते मुंबईस एका व्यापाऱ्याकडे नोकरीस आले. त्या व्यापाऱ्याचाही धंदा बुडीत आहे असे आढळून आले. तेव्हा एका आप्ताच्या खटपटीने १८२४ साली त्यांस निजामाच्या फौजेत जागा मिळाली. विद्यापीठाचे शिक्षण त्यांस लाभले नाही. तथापि देशी भाषा, कायदा व जमीनमोजणी या विद्या त्यांनी स्वकष्टाने संपादन केल्या. ठगांवरील त्यांच्या कादंबरीने १८३९ साली विलायतेत त्यांचे नाव गाजविले. इकडे मात्र खेड्यापाड्यांतील लोक मेडोज या नावाचा अपभ्रंश करून त्यांस प्रेमाने महादेवबाबा म्हणत.

१८४१ साली त्यांची नेमणूक सुरपूर संस्थानात झाली. हे बेरड नाइकांचे लहानसे संस्थान हल्लीच्या कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात मोडते. राजा नुकताच वारला होता, गादीचा वारस व्यंकटप्पा नाईक अवघा सात वर्षांचा होता, आणि राणी ईश्वरम्मा व टेलरसाहेब यांचे पटत नव्हते. अशा स्थितीत त्यांनी न्यायनिवाडे केले, विस्कटलेला हिशेब सावरला व बालराजास पुत्रवत् वाढविले. तो मुलगाही त्यांस अप्पा म्हणजे बाप म्हणत असे. १८५३ साली राज्य त्याच्या स्वाधीन करून साहेब तेथून निघाले.

त्याच वर्षी निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व आमचा हा प्रांत इंग्रजांकडे लावून दिला आणि टेलरसाहेब नळदुर्गास डेप्युटी कमिशनर झाले. हा मुलूख रयतेस विचारून दिला गेला नव्हता, हे आम्ही विसरत नाही. परंतु आलेल्या अधिकाऱ्याने गावोगाव फिरून जमिनीची मोजणी चालविली व सारा ठरविण्याची रीत घालून दिली, हेही खरे आहे. तुळजापूरचा परिसर त्यांच्या मनात इतका ठसला की, १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका त्यांनी तुळजापुरातील एका ब्राह्मणाची कन्या कल्पिली व अफझलखानाच्या स्वारीचा काळ त्यात रंगविला.

१८५७ च्या धामधुमीत त्यांची बदली वऱ्हाडात बुलढाण्यास झाली. पुढील वर्षी व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला व पकडला गेला. टेलरसाहेब सिकंदराबादेस बंदिवासात जाऊन त्यास भेटले. देहान्ताची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि वर्तन चांगले राहिल्यास राज्य परत मिळण्याची आशाही उरली. परंतु मद्रासेकडील चेंगलपट्टूच्या वाटेवर पिस्तुलाची गोळी लागून त्या तरुण राजाचा अंत झाला. ही वार्ता सुरपूरच्या राण्यांस सांगण्याचे कठीण काम टेलरसाहेबांच्याच वाट्यास आले.

१८६० साली ते निवृत्त होऊन स्वदेशी गेले. त्याच वर्षी आमचा प्रांत व सुरपूर निजामाकडे गेले. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थ्यांनो, शाळा लवकर सुटली तरी माणूस शिकत राहू शकतो, हे या चरित्रावरून दिसते. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती दुसरीच गोष्ट. ज्या मुलास त्यांनी राज्य करावयास शिकविले, त्याचे राज्य राखणे त्यांच्या हाती नव्हते. परक्या सत्तेच्या चाकरीत सज्जन माणसाचेही हात किती बांधलेले असतात, हे पुढच्या सहलीत नळदुर्गच्या तटावर उभे राहून आपण अवश्य आठवावे.