तंबोऱ्याचे कवच आणि खाँसाहेबांचा कान

दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी पोहोचले, ते मिरजेहून. या दोन गावांचे नाते मात्र त्याहून जुने आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. पंढरपूर याच वाटेवर लागते. तंबोऱ्याचे भोपळे त्याच परिसरात पिकतात आणि मिरजेत त्यांचे वाद्य होते. त्या काळी मिरजेत एका असामान्य गायकाचे वास्तव्य होते. ते म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराणे गायकांचे आणि सारंगीवादकांचे. तरुणपणी ते बडोदे दरबारात होते. पुढे ते महाराष्ट्रात आले आणि मिरजेत स्थिरावले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, तर सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची अपत्ये. श्रुतींचा अभ्यास करणारे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी आपल्या संशोधनासाठी त्यांच्याच सुरेल गळ्याचा आधार घेतला.

इतक्या सूक्ष्म स्वरांसाठी तंबोराही तितकाच नेमका हवा. खाँसाहेब स्वतः बीन वाजवीत. वाद्यदुरुस्तीतही त्यांना उत्तम गती होती, असे सांगितले जाते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला होता. कारागिरांच्या अशा गावात इतका चिकित्सक गायक राहावा, हे दोघांच्याही हिताचे ठरले.

तंबोऱ्याची झळाळी ही केवळ शोभा नसते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने तिचे पातळ थर लाकडावर आणि भोपळ्यावर चढवितात. हवेतील ओल आत शिरण्याचा वेग हे कवच कमी करते. तथापि, तापमानातील चढउतारांपुढे तेही हतबल ठरते. कडक उन्हात तापलेल्या गाडीत लाख मऊ पडते आणि गवसणीच्या कापडाचे ठसे तिच्यावर उमटतात. ऊन वाढले की हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि न ताणणाऱ्या थरावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. पावसाळी दमट हवेत पॉलिश केले, तर थर दुधाळ होतो. भोपळा आणि लाकूड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर ताण येतो. तापलेल्या तारा सैल होऊन सूर उतरतो, तो वेगळाच.

नांदेड आणि लातूरच्या रसिकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर हवा एकाएकी ओलावते. पत्र्याच्या छताखाली, खिडकीतील उन्हात किंवा कूलरच्या थेट झोतात तंबोरा ठेवू नये. प्रवासाहून आणलेले वाद्य काही काळ गवसणीतच राहू द्यावे आणि खोलीच्या हवेशी त्याचा मेळ बसल्यावरच जुळवावे. भेगाळलेल्या पॉलिशवर घरच्या घरी रंगाचा हात फिरविण्यापेक्षा ते कारागिराकडे सोपविणे श्रेयस्कर. जाड थराने वाद्य चकाकेल, पण त्याचा नाद दबेल.

खाँसाहेबांनी दक्षिणेत वारंवार दौरे केले. अशाच एका प्रवासात पाँडिचेरीकडे जात असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथेही त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात प्रार्थना केली आणि प्राण सोडला, असे सांगितले जाते. तो दिवस होता २७ ऑक्टोबर १९३७. त्यांचे दफन मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी आहे. त्याला ना ऊन बाधते, ना पाऊस. मात्र लाकडी तंबोरा जपणारे घटले, तर त्याला लाखेचे कवच चढविणारे हातही घटतील. आपल्या घरात कोपऱ्यात उभा असलेला जुना तंबोरा या उन्हाळ्यापूर्वी एकदा उजेडात पाहावा.