मेंढपाळाचा मुलगा आणि एक सनद

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाविषयी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल, हा बांधकामातला माणूस विश्वेश्वरय्यांवरच लिहिणार. त्यांच्याविषयी सरांनी आपल्याला वर्गात भरपूर सांगितलं आहे. मी लिहितोय ते थॉमस टेलफर्ड यांच्याविषयी. चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा परीक्षेला बसलो, तो त्यांचं चरित्र वाचून.

टेलफर्ड यांचा जन्म १७५७ सालचा, दक्षिण स्कॉटलंडमधल्या एस्कडेल खोऱ्यातला. वडील मेंढपाळ होते. मूल काही महिन्यांचं असतानाच ते वारले. आईने नातेवाइकांच्या आधाराने मुलाला वाढवलं. गावच्या शाळेत तो लिहा-वाचायला शिकला, मेंढ्या राखल्या आणि पुढे गवंड्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. लँगहोम गावातल्या एका बाईंनी त्याला आपली पुस्तकं वाचायला दिली. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. आधी एडिंबरोला आणि १७८२ मध्ये लंडनला जाऊन तो सॉमरसेट हाउसच्या बांधकामावर दगड घडवू लागला.

काही वर्षांनी टेलफर्ड श्रॉपशर परगण्यातल्या सार्वजनिक बांधकामांचे देखरेख अधिकारी झाले. १७८८ मध्ये श्रूजबरीच्या सेंट चॅड चर्चचं छप्पर गळतं म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, तर दुखणं छपराचं नव्हतंच. भिंतींलगत कबरी खणून खणून पाया खचला होता. इमारत पडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चर्चच्या मंडळींनी ते हसण्यावारी नेलं. थोड्याच दिवसांत चर्च कोसळलं.

या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. पदविकेवर मी वीस वर्षं साइट सांभाळल्या. एका ठिकाणी भिंतीच्या भेगांविषयी मी दिलेला अहवाल तसाच पडून राहिला, कारण सही करणाऱ्याच्या नावापुढे वजनदार काही नव्हतं. वर्षभराने दुसऱ्याच्या सहीने तीच दुरुस्ती झाली. सुदैवाने मधल्या काळात कुणाला इजा झाली नाही.

टेलफर्ड यांनी पुढे केलेल्या कामांची यादी मोठी आहे. वेल्समध्ये दरीवरून कालवा नेणारा पाँटकसल्टे जलसेतू १८०५ मध्ये खुला झाला. तो तीनशे मीटरहून लांब आहे आणि आजही त्यावरून होड्या जातात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात त्यांनी सुमारे ९०० मैल रस्ते आणि हजाराच्या आसपास पूल उभे केले. मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल १८२६ मध्ये झाला. एवढी कामं एकाच वेळी चालवायची, तर प्रत्येक ठिकाणी विश्वासू माणूस हवा. टेलफर्ड यांनी अशी माणसं हेरली, घडवली आणि वर्षानुवर्षं सोबत ठेवली. त्यांतले मॅथ्यू डेव्हिडसन तर त्यांच्याच भागातले गवंडी. आजच्या भाषेत सांगायचं, तर टेलफर्ड अव्वल दर्जाचे मॅनेजर होते.

१८१८ मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात काही तरुण इंजिनिअरांनी एकत्र येऊन सिव्हिल इंजिनिअरांची संस्था काढली. उत्साह होता, पण वजन नव्हतं. १८२० मध्ये त्यांनी टेलफर्ड यांना अध्यक्षपद दिलं. साठी उलटलेल्या या माणसाने संस्था आपली मानली. बैठका नियमित केल्या, चर्चेची टिपणं ठेवायला लावली, सभासदांना आपल्या कामाचा अनुभव लिहून आणायची सवय लावली, स्वतःची पुस्तकं आणि आराखडे दिले. १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली आणि हातकामातून वर आलेल्या लोकांच्या या धंद्याला मान्यताप्राप्त व्यवसायाचा दर्जा आला. १८३४ मध्ये मृत्यूपर्यंत टेलफर्डच अध्यक्ष होते. दगड घडवणाऱ्या या माणसाला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली.

ती परंपरा आपल्याकडेही आली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या, कोलकात्यात मुख्यालय असलेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेला १९३५ मध्ये राजसनद मिळाली. तिची केंद्रं राज्याराज्यांत आहेत, पुण्यात आणि नागपुरातही. नोकरी सांभाळून मी तिच्याच परीक्षा दिल्या आणि पुढे चार्टर्ड इंजिनिअर झालो. ब्रिटनमध्ये तर व्यवस्थापकांच्या संस्थेलाही २००२ मध्ये सनद मिळाली.

हे सांगण्याचं कारण आपली बॅच. आपल्यातले कितीतरी जण कारखाने, साइट, गोदामं चालवतात. हाताखाली शे-दोनशे माणसं आहेत, पण अनुभवाला कागदाचा आधार नाही. असलं काही मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी असतं, आता या वयात कशाला, असं आपण म्हणतो. मीही म्हणायचो. सनदेने अक्कल येत नाही, हे मला मान्य आहे. पण आपली अक्कल इतरांनी तपासून मान्य केली, की वेळेवर दिलेला इशारा ऐकला जातो. ज्यांना अर्ज, परीक्षा, मुलाखत यांविषयी विचारायचं असेल, त्यांनी स्नेहसंमेलनात मला गाठावं. माझ्या जुन्या वह्या मी घेऊन येणार आहे.

शेवटी एक गोष्ट. टेलफर्ड यांनी मृत्युपत्रात आपल्या संस्थेसाठी पैसे ठेवलेच, शिवाय लँगहोम आणि वेस्टरकर्क या गावांच्या वाचनालयांसाठीही ठेवले. ज्या गावाने पहिलं पुस्तक हातात दिलं, त्या गावाला त्यांनी पुस्तकं परत केली. आपल्या शाळेच्या वाचनालयाच्या निधीची वही प्रवेशद्वाराशीच ठेवलेली असेल.