मेजर रॉबर्ट गिल आणि अजिंठ्याच्या भिंती

अजिंठ्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचे नावच वाघूर आहे. भिक्खुसंघ निघून गेल्यावर तेथील चैत्य आणि विहार शतकानुशतके रानाच्या स्वाधीन झाले. वाघ, अस्वले, वटवाघळे आणि आग्यामाश्या हेच तेथील रहिवासी. परिसरातील लोकांना ही लेणी ठाऊक होती. तरीही एप्रिल १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव कोरले आणि शोधाचा मान त्याला मिळाला. ज्याने मात्र अर्धे आयुष्य या भिंतींपुढे घालविले, त्या रॉबर्ट गिल यांचे स्मरण आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

गिल यांचा जन्म १८०४ चा. मद्रास सैन्यातील हा अधिकारी कुशल चित्रकार होता. जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधल्यावर १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम गिल यांच्यावर सोपविले. अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम केला. अंधाऱ्या, श्वापदांचा वावर असलेल्या लेण्यांत ते वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर चित्रे उतरवीत राहिले.

गिल हे नामांकित शिकारीही होते. त्यांनी शंभराहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते. येथे आमचे मन अडखळते. दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत छद्दन्त जातक रंगविलेले आहे. बाण मारणाऱ्या शिकाऱ्यालाच आपले सुळे देणाऱ्या गजराजाची ती कथा. करुणेच्या या भिंतींसमोर बंदूक बाळगून बसलेला हा कलावंत आम्ही निर्दोष मानीत नाही. परंतु त्याची निष्ठाही नाकारीत नाही.

त्यांची सहचारिणी पारो ही तेथील स्थानिक स्त्री. २३ मे १८५६ रोजी ती निवर्तली. गिल यांनी अजिंठा गावात तिची समाधी बांधून तिच्यावर तिचे नाव कोरले. ज्या काळी अशा स्त्रियांची नावे साहेबांच्या कागदपत्रांत क्वचितच येत, त्या काळी हे नाव दगडावर राहिले, याचे मोल आम्ही जाणतो.

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे प्रदर्शित केलेल्या गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती तीत भस्मसात झाल्या. दोन दशकांचे श्रम काही तासांत संपले. साठी ओलांडलेल्या गिल यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला. त्यांनी टिपलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. भुसावळ येथे त्यांची कबर आहे.

प्रतिकृती जळाल्या, मूळ भिंती मात्र अनाम भिक्खूंच्या आणि कारागिरांच्या पुण्याईने उभ्या आहेत. स्मिथचे नाव आज डोक्याच्याही वर दिसते, कारण तेव्हा लेणे गाळाने भरलेले होते. सहलीस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते नाव अवश्य पाहावे आणि मग छद्दन्ताचे चित्र पाहावे. भिंतीवर नाव कोरण्यास क्षणभर पुरतो. तिच्यासमोर नम्रपणे बसून तिला समजून घेण्यास आयुष्यही अपुरे पडते. गिल यांच्या जीवनातून घ्यावयाचा धडा आमच्या मते हाच आहे.