लोणावळ्याचे साधनागुरू फादर अँथनी डिमेलो : वचन, मौन आणि शिष्यत्व

पुणे जिल्ह्यातील मावळ ही साधकांची भूमी होय. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेण्यांत बौद्ध भिक्खूंनी ध्यान केले. भंडारा डोंगरावर संत तुकाराम महाराजांनी एकांत शोधला. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. ह्याच लोणावळ्यात एका येशूसंघीय धर्मगुरूने जगभरातील धर्मगुरू व धर्मभगिनींना प्रार्थनेचे धडे दिले. ते धर्मगुरू म्हणजे फादर अँथनी डिमेलो. त्यांचे जीवन आठवताना बायबलचे शिक्षण आणि ख्रिस्ताचे शिष्यत्व ह्या आजच्या गरजेचाही विचार आपल्याला करावा लागतो.

फादर अँथनी ह्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत एका गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. वांद्रे येथील सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, सोळावे वर्षही पूर्ण न झालेल्या ह्या मुलाने येशूसंघात प्रवेश केला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांना स्पेनमध्ये बार्सिलोना येथे पाठविण्यात आले. तेथे फादर कालव्हेरास ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या ३० दिवसांच्या आध्यात्मिक साधनेचा अनुभव घेतला. त्या अनुभवाचा ठसा त्यांच्या जीवनावर कायमचा उमटला. पुढे पुण्यातील दे नोबिली कॉलेजमध्ये ईशज्ञानाचा अभ्यास करून १९६१ साली त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली. त्यानंतर अमेरिकेतील शिकागो येथील लोयोला विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्र व समुपदेशनाचे शिक्षण घेतले.

मायदेशी परतल्यावर आध्यात्मिक साधनेचे मार्गदर्शक म्हणून त्यांची कीर्ती झपाट्याने पसरली. तो काळ ख्रिस्तसभेच्या नवजागरणाचा होता. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज घोषित करून पवित्र शास्त्राची दारे सर्व भाविकांसाठी उघडी असावीत, असा आग्रह धरला होता. ज्या कॅथलिक घरांत जपमाळ होती, परंतु बायबल नव्हते, तेथे आता बायबल पोहोचू लागले. मात्र ग्रंथ हाती आला म्हणजे तो अंतःकरणात उतरला असे होत नाही. वर्षानुवर्षे प्रवचने करणाऱ्या व्रतस्थांनाही आपली प्रार्थना कोरडी वाटत असल्याचे फादर अँथनींना दिसत होते. देवाविषयी पुष्कळ बोलणे आणि देवाशी बोलणे ह्यांतील अंतर त्यांनी ओळखले.

ह्याच जाणिवेतून १९७२ साली त्यांनी पुण्यात एक प्रेषितीय समुपदेशन संस्था सुरू केली. पुढे ती 'साधना' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोणावळ्यास स्थलांतरित झाली. घाटातील पावसाच्या आणि धुक्याच्या सान्निध्यात तेथे नऊ महिन्यांची दीर्घ शिबिरे भरू लागली, तशीच अल्पमुदतीची शिबिरेही होऊ लागली. देशोदेशींचे धर्मगुरू व धर्मभगिनी तेथे येत, आपल्या जखमा आणि भीती उघडपणे मांडत, शांत बसायला शिकत.

१९७८ साली आणंद येथील गुजरात साहित्य प्रकाशनाने त्यांचे 'साधना' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पौर्वात्य पद्धतीने करावयाचे ख्रिस्ती प्रार्थनापाठ असे त्याचे स्वरूप आहे. श्वासावर अवधान, शरीराची जाणीव आणि मौन ह्यांपासून हे पाठ सुरू होतात. तथापि ते तेथेच थांबत नाहीत. शुभवर्तमानातील प्रसंग मनःचक्षूंपुढे उभा करून त्यात स्वतः सहभागी होण्याची संत इग्नेशियस ह्यांची रीत त्यात आहे. शास्त्रातील एखादे वचन सावकाश वाचून, मनात घोळवून, त्यातून प्रार्थनेकडे जाण्याची बेनेडिक्टाईन मठवासीयांची परंपरा त्यात आहे. येशूनामाचा जपही त्यात आहे.

ह्या रीतीचे मोल आम्हाला मोठे वाटते. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षे खितपत पडलेल्या रुग्णाचा प्रसंग आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. तो पुन्हा एकदा शांतपणे वाचावा, त्या पायऱ्यांवर आपणही बसावे आणि बरे होण्याची इच्छा आहे काय, ही प्रभूची विचारणा स्वतःला उद्देशून ऐकावी. तेव्हा बायबल ही दूरदेशीची जुनी हकिकत राहत नाही. प्रभूशी आपली समोरासमोर भेट होते आणि शिष्यत्वाचा आरंभ तेथेच होतो.

पुढील काळात फादर अँथनी बोधकथांकडे वळले. १९८२ सालच्या 'द साँग ऑफ द बर्ड' ह्या कथासंग्रहात सर्व धर्मपरंपरांतील लहान लहान कथा आल्या. त्यांचे वाचक सर्व खंडांत निर्माण झाले. जून १९८७ च्या आरंभी व्याख्यानांसाठी न्यूयॉर्क येथे गेले असता फोर्डहॅम विद्यापीठात हृदयविकाराने त्यांचे आकस्मिक निधन झाले. तेव्हा ते अवघे ५५ वर्षांचे होते. वांद्रे येथील सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला.

त्यांच्या निधनानंतर ११ वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर ह्यांच्या अध्यक्षतेखालील व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी एक सूचनापत्र काढले. त्यांच्या आरंभीच्या पुस्तकांनी अनेकांना मनःशांती आणि आंतरिक स्वातंत्र्य लाभले, हे त्यात मान्य करण्यात आले. परंतु काही उताऱ्यांत, आणि नंतरच्या लेखनात अधिक प्रमाणात, ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून ते दूर जात असल्याचे दिसते, असे मंडळाने नमूद केले. स्वतःला येशूचा शिष्य म्हणविणारा हा लेखक येशूला इतर गुरूंपैकी एक गुरू मानतो, हा मंडळाचा मुख्य आक्षेप होता. त्यांची सर्वच पुस्तके त्यांच्या संमतीने प्रसिद्ध झालेली नसून काही मृत्यूनंतर टिपणांवरून व ध्वनिमुद्रणांवरून तयार झाली, ही नोंदही मंडळाने केली. हे लेखन नानाधर्मीय वाचकांच्या शोधयात्रेसाठी होते, कॅथलिक सिद्धांताचे पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे, असा खुलासा काही प्रकाशकांनी त्यांच्या पुस्तकांत छापला.

ह्या सूचनेने त्यांचे अनेक शिष्य दुखावले, तर अनेकांना ती आवश्यक वाटली. त्यांच्या पवित्र जीवनाविषयी शंका घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. ख्रिस्तसभेचा इशाराही आम्ही हलका मानत नाही. ज्या भाविकाचा बायबलचा पाया भक्कम आहे, तो कोणतीही बोधकथा वाचून त्यातील मोती वेचू शकतो. ज्याला शुभवर्तमानच कोणी शिकविले नाही, तो सुंदर कथेलाच शुभवर्तमान समजून बसतो. दोष केवळ कथेचा नसतो. तयारी करून न घेणाऱ्या समाजाचाही असतो.

आज मोबाईलवर दररोज सुविचारांचा पूर येतो आणि दृढीकरणानंतर आपल्या बहुतेक मुलांचे धर्मशिक्षण थांबते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' सिद्ध करून बायबलची कथा आपल्या पूर्वजांच्या ओठी बसविली. त्या वारशाचे आपण पाईक आहोत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून घोषित केला आणि २०२१ साली धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत स्थान दिले. हे दोन्ही निर्णय जगभरच्या ख्रिस्तसभेची हीच गरज अधोरेखित करतात.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक वाडीवर आठवड्यातून एकदा चार कुटुंबांनी एकत्र यावे. येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचावे, त्याचा अर्थ जाणकाराकडून समजून घ्यावा आणि मग दहा मिनिटे मौन पाळावे. वचनाविना मौन भरकटते आणि मौनाविना वचन कानांवरच राहते. लोणावळ्याच्या ह्या साधनागुरूने आपल्याला शांत बसायला शिकविले. त्या शांततेत कोणाचा आवाज ऐकायचा, हे मात्र आपल्या मुलाबाळांना शिकविणे आपले काम आहे.